गृहशाकवाटिका आणि ‘आलुक’ शब्दाचा घोटाळा

जुन्या पोथीचा काल ठरवितांना आपण कागद पाहतों, अक्षराचें वळण पाहतों, शेवटची मिती आणि लेखकाचें नांव पाहतों. पोथींत भाजी कोणती आली आहे हें मात्र क्वचितच पाहतों. वस्तुतः हें साधन इतर कित्येक साधनांपेक्षां अधिक निर्दय आहे. लेखकू मिती चुकवील, नकलकार जुन्या प्रतीवरची मिती जशीच्या तशी उतरून घेईल, परंतु जें रोप या भूमींत आलेंच नव्हतें त्याची भाजी कोणी शिजवूं शकत नाहीं. मात्र हें साधन वापरण्यापूर्वीं वनस्पतीचें नांव आणि वनस्पति या दोहोंचा संबंध तपासून घ्यावा लागतो. कारण नांवें एका झाडावरून उठून दुसऱ्या झाडावर बसतात. याचें एक ठळक उदाहरण वात्स्यायनाच्या गृहशाकवाटिकेंत सांपडतें, तें येथें मांडावयाचें आहे.

कामसूत्राचें पहिलें इंग्रजी भाषांतर ‘लंडन व बनारस येथील कामशास्त्र सोसायटी’ या नांवाखालीं १८८३ सालीं निघालें. तें आज रिचर्ड बर्टन याच्या नांवावर चालतें. तथापि त्यांत अर्बथनॉट, मुंबईचे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि शिवराम परशुराम भिडे यांचा हात मोठा होता, असें आतां सामान्यतः मानतात. या भाषांतरांत, गृहिणीनें ज्यांचें बीं वेळेवर पेरावें अशा भाज्यांच्या यादींत, मुळ्याच्या पाठोपाठ ‘पोटॅटो’ आला आहे. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या प्रदेशांतला. कोलंबसाचें जहाज अमेरिकेच्या बेटांना लागलें तें १४९२ सालीं, आणि युरोपांत बटाटा पोंचला तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. वात्स्यायनानें कुंतल शातकर्णि सातवाहनाचा उल्लेख केला आहे, त्यामुळें त्याचा काल त्या राजापूर्वीं जात नाहीं; विद्वान् त्यास साधारणपणें इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांत ठेवतात. म्हणजे त्याच्या परसांत बटाटा उगवावयास निदान बारा शतकें अवकाश होता.

वात्स्यायनाबद्दल ही चूक घडली तर फारसें बिघडत नाहीं. त्याचा काल ठरवावयास दुसरे आधार आहेत. पण एखादें वैद्यकाचें किंवा पाकशास्त्राचें निनांवी बाड हातीं येतें, त्यांत ‘आलुक’ दिसतें, आणि संग्राहक तेवढ्यावरून त्यास इंग्रजी अमदानींतलें ठरवून बाजूस टाकतो. किंवा उलट, बटाटा भारतांत फार प्राचीन होता असें विधान त्याच शब्दाच्या बळावर एखाद्या पुस्तकांत छापलें जातें. दोन्ही ठिकाणीं तोटा इतिहासाचाच होतो.

प्रथम स्थळ पाहूं. कामसूत्राचें चौथें अधिकरण भार्याधिकारिक. त्याच्या पहिल्या अध्यायांत एकचारिणी, म्हणजे एकट्या पत्नीचें वर्तन सांगितलें आहे. ग्रंथाच्या नांवामुळें पुष्कळ सोंवळे लोक तो कपाटाच्या मागल्या रांगेंत ठेवतात, आणि उघडणारे बहुधा दुसऱ्या अधिकरणापलीकडे जात नाहींत. त्यामुळें हा अध्याय दोघांच्याही दृष्टीआड राहिला. पंडित दुर्गाप्रसाद यांनीं १८९१ सालीं मुंबईस छापलेल्या प्रतींत तो यशोधराच्या जयमंगला टीकेसह वाचावयास मिळतो. त्यांत घर झाडणें-सारवणें, देवपूजा, जमाखर्च, चाकरांचें वेतन, धान्याचा सांठा अशी सर्व संसाराची घडी आहे. आणि तिच्यांत बागेचा विषय दोनदां येतो.

पहिल्या उल्लेखांत बागेची आंखणी आहे. स्वच्छ केलेल्या जागीं हिरव्या भाज्यांचे वाफे करावे, उंसाचीं बेटें लावावीं, जिरें, मोहरी, अजमोदा, शेपू यांचे ताटवे करावे. पलीकडे जाई, मोगऱ्याच्या जातीचीं व इतर फुलझाडें, वाळ्यासारखीं सुगंधी मुळें, बसावयास रम्य ओटे. आणि मध्यभागीं विहीर, वापी किंवा दीर्घिका खणवावी, असा त्याचा आशय आहे. वाफ्यासाठीं मूळांत ‘वप्र’ हा शब्द आला आहे. आपला ‘वाफा’ याच शब्दाचा वंशज असावा असें मला वाटतें. ‘प्र’चा ‘फ’ कसा झाला हा आक्षेप व्याकरणाच्या बाजूनें येईल, पण अर्थ इतका तंतोतंत जुळतो कीं आक्षेपकानेंच दुसरें मूळ दाखवावें. मध्यभागीं पाणी ठेवण्यांत केवळ शोभा नाहीं. विहीर मधोमध असली म्हणजे पाट चहूंकडे सारख्या लांबीचे निघतात आणि वाटेंत पाणी कमी मुरतें. ज्यानें मोटेचें किंवा रहाटाचें पाणी वाफ्यांत फिरविलें आहे त्यास हें निराळें सांगावयास नको.

दुसऱ्या उल्लेखांत बियांची यादी आहे. यांतील नांवें इंग्रजी भाषांतरापेक्षां आपल्या खेड्यांतील बोलींत अधिक शुद्ध राहिलीं आहेत, हा या सर्व प्रकरणांतला मला सर्वांत मनोरंजक वाटणारा भाग. ‘एर्वारुक’ आणि ‘त्रपुस’ हीं दोन नांवें मूळांत शेजारीं-शेजारीं आहेत. भाषांतरांत दोहोंबद्दल एकच काकडी उरली आहे. कोंकणांत मात्र काकडी वेगळी आणि तवसें वेगळें. त्रपुसाचें तउस आणि तउसाचें तवसें, ही वाट प्राकृताच्या नियमांप्रमाणें सरळ आहे. ‘कूष्माण्ड’ शब्दाचें स्त्रीलिंगी रूप ‘कोहंडी’ आणि ‘कोहली’ असें होतें, हें हेमचंद्रानें बाराव्या शतकांत आपल्या प्राकृत व्याकरणांत नमूद केलें आहे. आपला कोहळा तेथूनच आला. ‘दमनक’ म्हणजे दवणा, ‘सूरण’ म्हणजे सुरण, ‘पालंकी’ म्हणजे पालक. यांना तर टीकेचीही गरज नाहीं. ‘आम्रातक’ याचें भाषांतर आंबा असें झालें आहे. आंबा आणि अंबाडा यांतला भेद मराठी माणसास समजावून द्यावा लागत नाहीं.

‘तिलपर्णिका’ या शब्दाची गोष्ट थोडी लांबवितों. भाषांतरांत तिचें चंदन झालें आहे. याचें कारण उघड आहे: अमरकोशांत ‘तिलपर्णी’ हा शब्द रक्तचंदनाच्या पर्यायांत पडलेला आहे, आणि ज्यानें कोश कंठस्थ केला त्याच्या जिभेवर हाच अर्थ प्रथम येतो. वर्षानुवर्षें वर्गांत अमर घोकून घेतल्यावर या मोहाचें बळ किती असतें हें मी जाणतों. परंतु वांगीं, दुधी भोपळा, सुरण, लसूण यांच्या पंक्तींत गृहिणी चंदनाचें बीं कशाला पेरील? शब्दाच्या शेजाऱ्यांकडे पाहिलें पाहिजे. पावसाळ्यांत आपल्या परड्यांत आणि शेताच्या बांधावर ‘तिळवण’ नांवाची रानभाजी उगवते. तिच्या बिया मोहरीसारख्या वापरतात. तिलपर्णीचें तिळवण्णी, तिळवण्णीचें तिळवण. अर्थही जुळतो आणि नादही. कोश हा वाटाड्या आहे, पण शेतांत शिरतांना त्यास बाहेर उभें करून कुळवाड्यास विचारावें, हें माझें मत या एका शब्दानें पक्कें झालें.

यादीच्या अखेरीस लसूण आणि पलांडु म्हणजे कांदा आहे. मनुस्मृतीनें पांचव्या अध्यायांत हीं दोन्हीं द्विजांना वर्ज्य ठरविलीं. वात्स्यायनाच्या गृहिणीनें त्यांचें बीं सांभाळून ठेवलें आहे. धर्मशास्त्रावरून समाजाचें चित्र काढणारांनीं ही विसंगति लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ‘पलांडु’ हा शब्द मराठींतून नाहींसा झाला आणि कोणत्याही गड्ड्यास लागणारा ‘कंद’ हा शब्द त्या एका गड्ड्याच्या वांट्यास आला, हेंही जातां जातां सांगून ठेवतों.

आतां ‘आलुक’. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत शेहेचाळिसाव्या अध्यायांत कंदवर्ग दिला आहे. तेथें पिंडालुक, मध्वालुक, हस्त्यालुक, काष्ठालुक, शंखालुक, रक्तालुक अशा जाती एकापुढें एक येतात. कौटिल्यानें पिंडालुक पाळीवर, म्हणजे वाफ्यांमधल्या उंच बांधांवर लावण्यास सांगितलें आहे. यावरून ‘आलुक’ हें एका झाडाचें नांव नसून गड्डेवजा खाद्य कंदांच्या एका वर्गाचें नांव होतें हें स्पष्ट होतें. त्यांत कोनफळासारखे वेलीचे कंद आणि अळवाचे गड्डे येत. मराठींत हा शब्द ‘अळू’ या रूपानें अजून मूळ कुळांत नांदतो आहे, जरी आपण त्याचीं पानें अधिक खातों. हिंदींत मात्र बटाटा आल्यावर ‘आलू’ हें नांव त्यास चिकटलें, आणि पुढें इतकें घट्ट झालें कीं मूळ मालकांना रतालू, कचालू अशीं उपपदें लावून फिरावें लागलें. १८८३ च्या भाषांतरांत शिरलेला बटाटा या हिंदी ‘आलू’च्याच वाटेनें आलेला दिसतो.

मराठीनें ही चूक केली नाहीं, असा अभिमान बाळगण्याचेंही कारण नाहीं. आपण दुसरी केली. सुश्रुताचें ‘रक्तालुक’ म्हणजे तांबूस रंगाचा देशी कंद. त्याचें रत्तालु आणि पुढें रताळें झालें. परंतु आज उपवासास आपण जें रताळें उकडतों तें बटाट्याप्रमाणेंच अमेरिकेहून आलेलें आहे! नव्या कंदानें जुन्याचें नांव घेतलें. उलट, ज्या शब्दानें अमेरिकेच्या बेटांतील लोक या रताळ्यास हांक मारीत तो ‘बटाटा’ हा शब्द; पोर्तुगीजांनीं तो उचलला, पुढें दुसऱ्याच कंदास लावला आणि आपल्या किनाऱ्यावर आणून उतरविला. म्हणजे रताळ्याचें स्वतःचें नांव बटाट्यानें पळविलें आणि रताळ्यानें कोनफळाच्या भाऊबंदाचें. इंग्रजी ‘पोटॅटो’ हाही त्याच ‘बटाटा’चा अपभ्रंश, आणि आरंभीं त्याचाही अर्थ रताळें असाच होता. त्यामुळें टॉमस रो याचा पाद्री एडवर्ड टेरी यानें, आसफखानानें रो यास दिलेल्या मेजवानींत ‘पोटॅटो’ असल्याचें आपल्या १६५५ सालीं छापलेल्या पुस्तकांत लिहिलें आहे, तेवढ्यावरून जहांगिराच्या काळीं हिंदुस्थानांत बटाटा होता असें ठरवितां येत नाहीं. तें रताळें असण्याचाच संभव अधिक.

बियांविषयीं वात्स्यायनाचा शब्द ‘बीजग्रहण’ असा आहे. भाषांतरांत बीं विकत घ्यावें असें म्हटलें आहे. मला तें मान्य नाहीं. त्याच अध्यायांत उरलेल्या वस्तूंचा सांठा, सुताचें कातणें, कोंडा-कण्यांचा उपयोग असा सर्व काटकसरीचा उपदेश आहे. तेव्हां पिकांतून बीं धरून ठेवणें हाच ग्रहणाचा अर्थ प्रकरणास शोभतो. आपल्याकडे जुन्या घरांतून काकडी-भोपळ्याचें बीं राखेंत घोळून ठेवीत किंवा शेणांत थापून तो गोळा भिंतीस लावीत. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाच्या चोविसाव्या अध्यायांत, सीताध्यक्षाच्या कामांत, बीजसंस्कार सविस्तर दिले आहेत: धान्याचें बीं सात रात्री दंवांत आणि दिवसा उन्हांत ठेवावें, शेंगांच्या धान्याचें तीन किंवा पांच, उंसासारख्या कांड्यांच्या कापलेल्या तोंडास मध, तूप व डुकराची चरबी शेणांत मिसळून लावावी, कंदांस मध आणि तूप, सरकीसारख्या कठीण बियांस शेण. शेणाचा हा धागा दोन हजार वर्षें अखंड चालला असें विधान मी करणार नाहीं. साम्य म्हणजे परंपरा नव्हे. पण साम्य आहे.

जागेच्या निवडीबाबत याच अध्यायांतील सूचना मार्मिक आहेत. नदीच्या फेंसाचा मार लागणारी जागा वेलफळांस, विहिरीच्या सभोंवतालची जागा भाज्या व मुळें यांस, आणि ओलसर खोलगट कडा हिरव्या पाल्यास योग्य म्हटली आहे. भीमा-कृष्णेच्या कांठीं पाणी ओसरल्यावर शिशिराच्या शेवटीं वाळवंटांत खड्डे घेऊन त्यांत खत घालून कलिंगडें, खरबुजें, काकड्या यांचे वेल धरतात. तो प्रकार ज्यानें पाहिला आहे त्यास ‘फेनाघात’ शब्दावर टीका लागत नाहीं. भाषांतरें वाचून मात्र पुष्कळांस हा शब्द काव्यमय वाटतो! उन्हाळी पीक कितपत धरावें हें मनुष्यबळ आणि पाणी यांच्या मानानें ठरवावें, असेंही कौटिल्य सांगतो. दख्खनेंत वसंताच्या तोंडीं भाजीपाला लावणाराचा सर्व हिशेब यांत आला. पावसाळ्यांत कोणीही वेल चढवील; माघ-फाल्गुनांत आळें करणारानें आधीं विहिरींत डोकावून पाहिलें पाहिजे.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेदाध्याय मुख्यतः झाडांचा आहे, तरी त्यांतली एक सूचना शाकवाटिकेसही लागू पडते: भुसभुशीत जमीन करून तींत आधीं तीळ पेरावे आणि ते फुलावर आले कीं तेथेंच मोडून टाकावे. आज ज्यास हिरवळीचें खत म्हणतात तें हेंच, आणि तें सहाव्या शतकांतलें आहे. शार्ङ्गधरपद्धति १३६३ सालची. पीटर्सननें ती १८८८ सालीं मुंबई संस्कृत मालेंत छापली. तिच्यांतील ‘उपवनविनोद’ प्रकरण गिरिजाप्रसन्न मजुमदार यांनीं १९३५ सालीं कलकत्त्यास स्वतंत्र प्रसिद्ध केलें. सुरपालाचा वृक्षायुर्वेद मात्र ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत पोथीरूपानेंच पडून होता. सिकंदराबादच्या एशियन ॲग्रि-हिस्टरी फाउंडेशननें नलिनी साधले यांच्या भाषांतरासह तो १९९६ सालीं प्रकाशांत आणला. मांस, मज्जा, वसा वगैरे उकळून, त्यांत तिळाची पेंड, उडीद, मध, तूप घालून मुरवत ठेवलेलें ‘कुणपजल’ हें त्यांतलें नांवाजलेलें खत. या ग्रंथांतील रंग बदलणारीं फुलें आणि बिनबियांचीं फळें यांच्या कृति मी विनोद या सदरांतच वाचतों. कुणपजलाचें तसें नाहीं, कुजलेल्या प्राणिज द्रव्यांत झाडाचें अन्न असतें हें कोणीही मान्य करील.

आतां संग्राहकांच्या उपयोगाचा मुद्दा. कोणत्या शब्दावर भिस्त ठेवावी आणि कोणत्या नाहीं? ‘मिरची’ हा शब्द विश्वासू आहे. मिरचीचें झाड अमेरिकेंतलें. पोर्तुगीज १४९८ सालीं कालिकतास आले, गोवा त्यांनीं १५१० सालीं घेतला. त्यापूर्वींच्या लेखनांत तिखटपणा मिऱ्यांचा, पिंपळीचा किंवा आल्याचा. म्हणून ज्या पाकशास्त्राच्या बाडांत मिरची मूळ मजकुरांत आहे त्याची रचना सोळाव्या शतकापूर्वींची असूं शकत नाहीं. मात्र ‘मिरें’, ‘मिरीं’ हे शब्द घाईनें मिरची असे वाचूं नयेत. मोडी बाडांत हा धोका विशेष. ‘बटाटा’, ‘अननस’, ‘काजू’, ‘पपई’, ‘तंबाखू’ हीं नांवें वस्तूंबरोबरच परदेशांतून आलीं, म्हणून तींही साक्षीस उभीं करावयास हरकत नाहीं.  याच्या उलट ‘आलुक’, ‘रताळें’ आणि ‘भोपळा’ हे तिन्ही साक्षीदार फितूर. तांबडा भोपळा अमेरिकेंतला. पण संतवाङ्मयांत व जुन्या लेखांत येणारा भोपळा म्हणजे ज्याचा तुंबा होतो, ज्याची वीणा होते तो देशी अलाबु. शब्द जुना, फळ नवें.

मक्याचा प्रश्न याहून बिकट आहे. तेराव्या शतकांतल्या सोमनाथपूरच्या होयसळ देवालयांतील मूर्तींच्या हातांत मक्याचीं कणसें आहेत असें कांहीं पाश्चात्य संशोधकांनीं १९८९ च्या सुमारास प्रतिपादलें. इतरांनीं तीं मोत्यांचे घोंस किंवा काल्पनिक फळें असल्याचें सांगून तें नाकारलें. मला दुसरा पक्ष सबळ वाटतो, कारण मूर्तीच्या हातांतलें धान्य त्या काळच्या एकाही पाककृतींत किंवा करवसुलींत उमटूं नये हें संभवनीय नाहीं. असल्या वादांत निर्णय लागतो तो अखेर कागदांनीं. भांडारकर संस्थेंतील कै. परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनीं तंबाखूसारख्या क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या वस्तूंचा इतिहास पोथ्यांतून दाणा-दाणा वेंचून लिहिला, तो याच पद्धतीनें. दप्तरें चाळतांना सनदा आणि महजर बाजूस काढून किराण्याच्या याद्या गठ्ठ्यांत परत बांधण्याची आपली सवय त्यांना नव्हती.

सरकारी कागदांत परसबागेचा विचार सहसा नसतो, कारण तिच्यावर सारा नसे. म्हणून रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतील, म्हणजे शके १६३७ (इ. स. १७१५) मधील उल्लेख मोलाचा आहे. दुर्गप्रकरणांत गडावर आंबे, फणस, चिंचा, वड, पिंपळ असे थोर वृक्ष आणि लिंबें-नारिंगांसारखे लहान वृक्ष लावून जतन करावे, असें सांगितल्यावर पंत केराकडे वळतात. गडावर वाटेंत, बाजारांत केर पडूं देऊं नये; तो गडाखालीं लोटूंही नये; जागोजाग जाळून त्याची राख परसांत घालावी आणि तिच्यावर घरोघर होईल तितका भाजीपाला करावा, असा त्यांचा हुकूम आहे. हुजुरातीचा अमात्य राज्यनीति लिहितां लिहितां शिबंदीच्या परसापर्यंत उतरतो, हें नुसत्या टापटिपीसाठीं नव्हे. गडावर माती थोडी आणि पाणी टाक्यांतलें, मोजून वापरावयाचें. कडेलोट केलेला केर म्हणजे गमावलेलें खत. शिवाय उकिरड्यानें वेढलेल्या तटाची नजर मरते. वेढा पडला तर कोठारांत धान्य असतें, हिरवा पाला नसतो. रायगड, पन्हाळा यांसारख्या किल्ल्यांवर माथ्यावर घरांचीं जोतीं आजही दिसतात. वाड्याच्या आणि दरवाज्याच्या मापांबरोबर जोत्यामागील रित्या जागेचीं मापें कोणी घेतलीं, आणि तेथील मातींत राखेचा थर शोधला, तर पंतांचा हुकूम पाळला गेला होता कीं कागदावरच राहिला याचा निकाल कुदळीच्या टोंकावर लागेल.